आत्याला मेल पोचेना

२९ ऑक्टोबर १९९८, गुरुवार

माझ्या मुलाला, सुबोधला, औषध कंपन्या दर वर्षी डायऱ्या देतात आणि तो त्या कपाटात कोंबतो. ही जानेवारीपासून उपाशी पडली होती, म्हणून मी काढली. आजच्या पानाच्या तळाशी जुलाबाच्या गोळीची जाहिरात आहे. म्हणजे घरातलं भांडण लिहायला पान बरोबर सापडलं.

भांडण असं. माझ्या सुनेला, प्रणिताला, दसरा झाल्यावर आठवड्यात मुलगी झाली. माझी लेक देविका अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, ती या बाळाची एकुलती एक आत्या. आमच्यात बारशाला नाव आत्या ठेवते, बाळाच्या कानात कुर्र करते, तो तिचा मान. सुबोधने बाळ झालं त्याच दिवशी तिला ई-मेल केला. मग आणखी केले. नाव कळव, येता येत नसेल तर तिथून सांग. उत्तर नाही. आणि आज सकाळी तिचा मेल आला, तो एवढाच:

"दादा, बाळ झालं का नाही एवढंही मला कळवायचं नसेल तर नका कळवू."

सुबोध लालबुंद. म्हणाला, मेल न पोचता परत आला असता तर मला कळलं असतं, ही सरळ खोटं बोलते आहे. मागच्या वर्षी त्याने आणलेलं स्थळ नाकारून ही विमानात बसली, तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं फक्त कॉम्प्युटरमधून. आता तेही बंद पडणार. मी मेल्यावर हे दोघं एकमेकांना पत्रिका पाठवतील बहुतेक, तीही पोचणार नाही.

फोन करावा तर तिने सप्टेंबरात घर बदललं. नवा नंबर मेलने कळवते म्हणाली होती. जुन्या नंबरावर मी परवा इथल्या, लखनौच्या, कपूरथला बाजारातल्या फोन बूथवरून लावून बघितला. एक बाई इंग्रजीत न थांबता बोलायला लागली. मी तिला मराठीत चांगली झापली. बूथवाला भैया म्हणाला, "अम्मा, वो मशीन है." मी म्हटलं, तरीच ऐकून घेतलं तिने.

देविका स्वतः का फोन करत नाही? कारण ती माझी मुलगी आहे. रुसली की आधी दुसऱ्याने यायचं.

३० ऑक्टोबर

सकाळी सुबोधने तिला खरमरीत उत्तर पाठवण्याआधी मी कॉम्प्युटरवर दोन पत्रिका काढून घेतल्या. लिहून ठेवते, कारण माझ्या आयुष्यात मी एवढी हुशारी दुसरीकडे कुठे दाखवलेली नाही.

मधुसूदनराव म्हणजे यांचे एअरफोर्समधले दोस्त, हे गेले तरी त्यांचं येणं सुटलं नाही. सिग्नलमध्ये, म्हणजे निरोप पाठवण्याच्या खात्यात होते. रिटायर होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला सरोजिनी नगरला राहतात, त्यांच्या मिसेस गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी ऑगस्टात मला पत्रिकेच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी आणून दिली. जन्मतारीख घातली की कुंडली बाहेर. मराठी मंडळातल्या बायका रांग लावतात. पण तो तीस दिवस फुकट, मग म्हणतो विकत घ्या. मधुसूदनरावांनी युक्ती दाखवली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टकटक करायचं, तारीख मागे न्यायची, प्रोग्रॅमला वाटतं आपण अजून नवेच आहोत. बायकांनाही चाळिशीनंतर हेच वाटतं.

ते म्हणाले होते, "काम झालं की तारीख पुढे आणायची वहिनी, विसरू नका." मी एक-दोनदा आणली. पण उद्या परत मागे न्यायचीच असेल तर रोज ढकलाढकली कशाला? महिना भरला की मी सरळ मागच्या वर्षीच्या गणेश चतुर्थीवर नेऊन ठेवते. मुहूर्त चांगला. आज महिना भरला होता, परत नेली. किती वाजले ते बरोबर दाखवतंच की. तारीख बघायला भिंतीवर दिनदर्शिका आहे.

कँटोनमेंटच्या मेजरीणबाईंना मागच्या महिन्यात मी सांगितलं होतं, तुमचा शुक्र म्हणतो साहेबांनी स्वयंपाक शिकावा. आता मेजरसाहेब दर रविवारी वरण करतात. बाई आज लखनवी चिकनच्या भरतकामाचा साडीचा पीस देऊन गेल्या. ग्रहांचा अभ्यास कधी वाया जात नाही.

२ नोव्हेंबर, सोमवार

बारसं बावीस तारखेला ठरलं. प्रणिताची आई सुचित्राताई नागपूरहून आल्या आहेत, बाळंतपणाला. बाई कामाची आहे, पण बोलायला लागली की गॅसवरचं दूध उतू जातं, शेजारच्या शेगडीवरचंसुद्धा. आज म्हणाल्या, "आत्याला सवड नसेल तर राहू द्या बाप्पा. आमची धाकटी येतेच आहे, मावशी ठेवेल नाव."

मी म्हटलं, अच्छा, मग लग्नात मामाच्या जागी पोस्टमनला उभा करू.

त्या लंगोट वाळत घालायला गेल्या. एकेका लंगोटाला तीन तीन चिमटे लावत.

पण आतून मला भीती वाटली ती निराळीच. सुबोध म्हणतो, आत्या नको आणि मावशी नको, नाव मीच ठेवतो. त्याने एक यादी केली आहे. तृषिका, आर्वेणी, नियोक्सा. औषधांच्या संशोधनात बारा वर्षं काढल्यावर हेच व्हायचं. मी विचारलं, ही जेवणाआधी घ्यायची का जेवणानंतर? प्रणिता पदर तोंडात कोंबून हसली, टाके दुखेपर्यंत.

हसले खरी. पण देविकाच्या हातून हा मान गेला तर ती पुन्हा या घराचं दार वाजवणार नाही. मी ओळखते तिला. नवसाने झालेली नाही ती, पण हट्ट नवसाचा आहे.

५ नोव्हेंबर

सकाळी सकाळी मधुसूदनराव जुन्या लखनौतल्या चौक बाजारातून मक्खन मलाई घेऊन आले, मातीच्या सकोऱ्यात. "कपूरथल्याला काम होतं, जाता जाता आणली." सरोजिनी नगरहून आमच्या महानगर वस्तीत येताना चौक बाजार वाटेत कसा लागतो ते त्यांचं त्यांना ठाऊक. एअरफोर्सवाले वरून जात असतील. केशर घातलेली, तोंडात ठेवली की गायब. सुचित्राताईंना दिली तर म्हणाल्या, पोट भरल्यासारखं वाटत नाही. दोन सकोरे संपवून म्हणाल्या.

मग मेलचा विषय निघाला. सुबोध नेहमीसारखा म्हणाला, आई तुला नाही कळायचं. मधुसूदनराव म्हणाले, "कळायला काय झालं? पत्र पाकिटातून येतं तसा मेलही येतो. आपण आतलं वाचतो आणि पाकीट बघत नाही. त्या पाकिटाला हेडर म्हणतात. वाटेतल्या प्रत्येक मशीनने त्यावर शिक्का मारलेला असतो, कुठून आला, किती वाजता."

त्यांनी देविकाचा तो रुसका मेल उघडला. वर एक बटण आहे, त्यावर इंग्रजीत चक्क ब्ला ब्ला ब्ला असं लिहिलंय. खोटं नाही, मी चष्मा लावून वाचलं. ते दाबलं आणि बदाबदा ओळी खाली आल्या, आकडे, टिंबं, कंसच कंस. मी म्हटलं, सुचित्राताई, हे बटण तुमच्यावरून केलंय.

मधुसूदनराव म्हणाले, खालून वर वाचायचं. सगळ्यात खालचा शिक्का पहिल्या मुक्कामाचा, प्रत्येक जण आपला शिक्का आधीच्याच्या डोक्यावर मारतो. मी बोट ठेवून वर सरकत गेले. अमेरिकेतून निघाला, मधे दोनदा थांबला, मुंबईला उतरला, लखनौला आला. सगळं मिळून चार मिनिटं. आमचा दूधवाला शेजारच्या निशातगंजहून यायला तास लावतो.

म्हणजे तिकडून इकडे येणारा रस्ता ठीक आहे. इकडून तिकडे जाताना मेल कुठे पडतात ते शोधायचं. त्यासाठी पोचलेला मेल हातात हवा आणि पोचत तर नाहीत. गंमतच आहे. हरवलेल्या माणसालाच पत्ता विचारायचा.

निघताना मधुसूदनरावांनी पत्रिकेचा प्रोग्रॅम नीट चालतो का ते बघितलं. गुणमेलन करून बघू म्हणाले. मुलाच्या जागी त्यांची स्वतःची जन्मतारीख घातली, आणि मुलीच्या जागी नमुन्याला म्हणून माझी. छत्तिसातले एकोणतीस आले. ते बराच वेळ आकड्याकडे बघत बसले. मग घाईघाईने निघाले ते हेल्मेट विसरूनच. प्रोग्रॅम उत्तम चालतो आहे.

७ नोव्हेंबर, शनिवार

सुबोधने शास्त्रीय पद्धत काढली. घरच्या कॉम्प्युटरवरून स्वतःच्याच इन्स्टिट्यूटच्या पत्त्यावर मेल पाठवायचा आणि सोमवारी तिथे जाऊन बघायचा. त्याने लिहिलं, 'चाचणी एक'. मी म्हटलं, आणखी एक पाठव, एकटा गेला तर घाबरेल. 'चाचणी दोन' पाठवला. तिसरा मला लिहायला दिला. एका बोटाने इंग्रजी अक्षरात मराठी लिहिलं: 'सुबोध जेवण गार होते आहे'. पाठवेपर्यंत झालंच होतं.

९ नोव्हेंबर

तिन्ही आले नाहीत. सुबोध म्हणतो यादीत सगळ्यात वर कालपरवाचे दुसऱ्यांचे मेल आहेत, हे तीन नाहीत. चला, म्हणजे देविका खोटं बोलत नव्हती. हे मी जेवताना तीन वेळा म्हटलं. तिसऱ्यांदा तो ताटावरून उठला, पण पोळी बरोबर घेऊन.

बारशाला दोन आठवडे नाहीत. सुचित्राताईंची धाकटी लेक गाडीत बसली पण, म्हणे.

११ नोव्हेंबर, बुधवार

आज घडलं ते नीट लिहिते.

मधुसूदनराव आज सुबोधबरोबर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. त्यांना गंमत वाटली की मेल परत येत नाही म्हणजे तो कुठेतरी पोचलाच असणार. सिग्नलमध्ये म्हणे निरोप हरवत नाही, चुकीच्या खोलीत जातो. त्यांनी यादी वरून न बघता खाली खाली नेली. शेकडो मेल खाली, मागच्या वर्षीच्या ढिगात, तिघं शहाण्यासारखे बसले होते. एक, दोन, आणि 'सुबोध जेवण गार होते आहे'. सुबोधचे साहेब मागे उभे होते, त्यांनी तो मोठ्याने वाचून घेतला.

मग हेडर उघडलं. वाटेतले सगळे शिक्के सात नोव्हेंबर अठ्ठ्याण्णवचे, अगदी बरोबर. आणि पाठवणाऱ्या कॉम्प्युटरने, म्हणजे आमच्या घरच्याने, स्वतः घातलेली तारीख तेरा सप्टेंबर सत्त्याण्णव. यादी त्या तारखेने लागते. म्हणून मेल आला की थेट गेल्या वर्षात जाऊन बसतो. देविकाकडेही तेच. रोज शंभर मेल येतात तिला, ती कशाला गेल्या वर्षीचा सप्टेंबर उकरेल.

सुबोध हे सगळं जेवणाच्या टेबलावर हातवारे करून सांगत होता. मला 'सप्टेंबर सत्त्याण्णव' ऐकू आलं आणि आमटीची पळी हातातून पातेल्यात गेली, पार बुडाली. गणपती. तीस तारखेला नेऊन ठेवलेले पाच सप्टेंबरचे माझे गणपती, त्यावर आठ दिवस. मीच रोज आत्याच्या मेलला मागच्या वर्षात नेऊन बुडवत होते.

सुबोध म्हणाला, "हे घड्याळ मागे गेलं कसं?"

मधुसूदनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पळी शोधत होते. ते म्हणाले, "बॅटरी. आतली छोटी बॅटरी गेली की तारीख सरकते. उद्या नवीन आणतो."

सुबोधने मान डोलवली. एम.एस्सी., पीएच.डी.

१२ नोव्हेंबर

बॅटरी आली. नाण्याएवढी. मधुसूदनरावांनी कॉम्प्युटर उघडला, सुबोध टॉर्च धरून उभा, देवळात उभा राहतो तसा. चांगली धडधाकट बॅटरी काढून दुसरी धडधाकट बॅटरी बसवली. तारीख आजची केली. मी चहा केला, त्यात आलं घातलं, वेलची घातली, त्यांना आवडते म्हणून मलईसुद्धा घातली. सुबोधने विचारलं, माझ्यात मलई का नाही? मी म्हटलं, तू फक्त टॉर्च धरलास.

मग सुबोधने देविकाला मेल लिहिला. आधी फक्त 'मागचे सगळे मेल सप्टेंबर ९७ मध्ये शोध' एवढंच लिहीत होता. मी मागे उभी राहिले. मग त्याने 'मुलगी झाली आहे, अगदी तुझ्यासारखी ओरडते' असं घातलं.

मधुसूदनराव निघताना दारात म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. मी आहे." आज वहिनी म्हणायला विसरले. वय झालं त्यांचं.

पत्रिका बंद. प्रोग्रॅम उघडला तर म्हणतो विकत घ्या. मेजरीणबाईंच्या बहिणीला सांगितलं, ग्रहांना सुट्टी आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार

भल्या सकाळी फोन खणखणला. मीच उचलला, सगळे झोपलेले. देविका. पहिली दोन मिनिटं दोघी नुसत्या रडलो, अमेरिकेच्या भावाने.

सगळे मेल सापडले म्हणाली. बाळ झालं तो, नाव कळव तो, आणि दादाचा तो खरमरीतही. वाचताना कसं वाटलं ते सांगितलं नाही. मग एकदम हळू विचारलं, "आई, एकटी आहेस?"

"हो."

"दादाने लिहिलंय बॅटरी गेली. बॅटरी गेली तर तारीख कुठल्या कुठे जाते, ऐंशी सालात वगैरे. मी तुमच्या सगळ्या मेलची हेडर काढून बघितली. तारीख महिनाभर गुण्यागोविंदाने पुढे जाते आणि उडी मारून परत पाच सप्टेंबरला येते. मी कॅलेंडर बघितलं. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती."

मी म्हटलं, "बॅटरी भाविक असेल."

तिकडून आवाजच येईना. मला वाटलं लाइन गेली. मग कळलं, हसते आहे. मी तिला पत्रिकेचं सगळं सांगितलं, दादाच्या नावांच्या यादीचंही. ती म्हणाली, दादाला सांगत नाही. पण अटी आहेत. नाव ती ठेवेल तेच, दादाच्या यादीतलं जोडनावसुद्धा नको. कुर्र तीच करणार, फोनवरून, आणि फोन मी धरायचा. आणि दादा कुरकुरला तर त्याला मी गप्प करायचं.

मी विचारलं, आईला धमकी देतेस?

"तुझ्याकडूनच शिकले," म्हणाली. मग विचारते, मधुकाका अजून जाता जाता येतात का? मी म्हटलं, हो, त्यांना इकडे फार कामं असतात. परत हसायला लागली. का ते सांगेना. एवढा महागाचा फोन आणि अर्धा वेळ हसण्यात.

नाव मात्र मलाही सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

पाय सुजलेत, पण लिहूनच झोपते.

पाळणा बैठकीतच बांधला, कारण फोनची वायर पुढे पोचत नाही. बाळाचं झबलं मऊ चिकनचं, चौकातून मुद्दाम आणलेलं. सगळ्या बायका जमल्या. सुचित्राताईंची धाकटी नवी पैठणी नेसून पाळण्याच्या अगदी कडेला उभी होती. वेळ पडली तर आपण आहोत, अशी. तिला मी घुगऱ्या वाढायला पाठवलं. मोठं पातेलं दिलं.

सुबोधने मला बाजूला घेतलं. म्हणाला, देविका काहीही ठेवू दे, कागदोपत्री मी तृषिका घालणार. मी म्हटलं, घाल. मग शाळेत बाई हजेरी घेतील तेव्हा वर्गातली मुलं पाण्याची बाटली काढतील. तो म्हणाला, आई, तू कुणाच्या बाजूने आहेस? मी म्हटलं, आत्याच्या. आत्याचा मान तो आत्याचा मान, तुझ्या बारशाला तुझ्या आत्याने सुबोध ठेवलं, आम्ही कुणी तक्रार केली का? पुढे काय निघालं ते बघूनसुद्धा?

फोन आला. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मी रिसीव्हर बाळाच्या कानाशी धरला. सगळ्या बायका पुढे वाकल्या. त्या एवढ्याशा भोकातून बारीक आवाज आला, कुर्रर्र, आणि मग नाव. बाळाने एक क्षण डोळे मोठे केले. मग असं भोकाड पसरलं की मेजरसाहेब बाहेरच्या बाहेर उभे राहिले. मला नाव कळलंच नाही. दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

अबोली.

महानगरात एवढ्या मोठ्याने रडणारी दुसरी मुलगी नाही आणि तिचं नाव अबोली. बायका हसल्या, प्रणिता हसली, सुचित्राताई म्हणाल्या, गोड आहे बाई, आणि डोळे पुसले. त्यांना आज मी काही बोलले नाही.

सुबोधने हात पुढे केला. मला वाटलं आता भांडतो. फोन घेतला, पाठ फिरवली, आणि म्हणाला, "देवे, नाव चांगलं आहे." देवे. ती शाळेत जात होती तेव्हा म्हणायचा.

मग पलीकडून ती काहीतरी बोलली आणि याची जी गाडी सुटली ती सुटली. स्टूल ओढून बसला. घुगऱ्या वाढून झाल्या, बायका पान खाऊन निघाल्या, मधुसूदनराव दोनदा चहा पिऊन तिसऱ्याला थांबले, तरी हा फोनवरच. सुचित्राताईंनी मला कोपराने ढोसलं, एवढं काय बोलतात हो दोघं?

मी पाळण्याची दोरी ओढायला म्हणून जवळ जाऊन बसले आणि ऐकलं. तो तिला हेडर म्हणजे काय ते समजावून सांगत होता. मेलला पाकीट असतं, त्यावर शिक्के असतात, खालून वर वाचायचे, ब्ला ब्ला ब्ला नावाचं एक बटण असतं. जिचं पोट कॉम्प्युटरवर चालतं तिला. आणि ती मधून मधून म्हणत होती, त्या भोकातून मला स्पष्ट ऐकू येत होतं, "हो का दादा? मग? मग काय केलंस?"